गाडीचा साज: अस्सल भाग ओळखावे कसे, शोधावे कुठे

मुंबई–हावडा लोहमार्गाच्या जवळजवळ मध्यावर गोंदिया जंक्शन आहे. इथून दोन्ही टोकं साधारण हजार-हजार किलोमीटरवर. पश्चिमेच्या टोकाला, मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायची. पूर्वेच्या टोकाला, हावड्याच्या जवळ, उत्तरपाड्यात अ‍ॅम्बेसेडर बनायची. स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर मुख्यतः याच दोन मोटारी दिसल्या. त्यामुळे गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी या भागात राईस मिलचे मालक, बिडीपत्त्याचे कंत्राटदार, डॉक्टर, वकील यांच्या दारात जी गाडी उभी राहिली ती बहुतेक वेळा या दोनपैकी एक असे. त्यातल्या काही आजही धानाच्या गोदामात, पोत्यांच्या आडोशाला उभ्या आहेत. नातवंडांना आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते, आणि काम सुरू होतं.

इंजिन उघडलं जातं, ब्रेक नवे होतात, पत्र्याचा गंज कापून निघतो. पण काम अडतं ते साजावर. समोरची जाळी, बंपर, दारावरची चकाकती पट्टी, बॉनेटवरचं मोनोग्राम, हेडलाईटची रिंग, व्हील कॅप, दाराचं हँडल, डॅशबोर्डवरचा मीटर, काचेभोवतीचं रबर, सीटचं रेक्झिन हा सगळा गाडीचा साज. गाडी चालायला यातलं फारसं काही लागत नाही. पण गाडी कोणत्या सालची, कोणत्या मॉडेलची, हे याच वस्तू सांगतात. त्या चुकीच्या बसल्या तर लाखभर खर्चूनही गाडी दुसऱ्याच कुणाची तरी होते.

साजच का हरवतो?

१९६०च्या दशकातल्या फियाट ११०० डिलाईटचं १०८९ सीसीचं इंजिन आणि तिच्याच पुढच्या अवताराचं, प्रीमियर पद्मिनीचं, पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं, म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ या इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट, व्हॉल्व्ह बनत राहिले. मुंबईतल्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींना ते रोज लागत. म्हणून इंजिनाचा माल आजही मिळतो.

साजाचं तसं नव्हतं. इंजिन तेच ठेवून गाडी नवी दिसावी, यासाठी कंपन्या जाळी बदलत, पट्टी बदलत, दिवे बदलत. एखादी जाळी चार-पाच वर्षं बनली आणि बंद झाली. पुढे गाडीला रंग देताना पेंटरने पट्ट्या उतरवल्या, क्लिपा तुटल्या, भोकं पुटीने बुजवली आणि पट्ट्या कबाडीकडे गेल्या. अपघातात आधी चेपते तीही जाळीच.

आपल्याकडच्या हवेनेही हातभार लावला. गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत. पावसाळी दमटपणा क्रोमच्या बारीक भेगांतून आत शिरतो आणि लोखंड फुगवतो. ऊन डॅशबोर्ड आणि रबर तडकवतं. गोदामात धान असेल तर उंदीर असणारच, आणि ते सीटमधला काथ्या व वायरिंग दोन्ही कुरतडतात. त्यामुळे ज्या गाडीवर साज पूर्ण आहे, मग तो कितीही मळका असो, ती गाडी दुर्मीळ समजावी.

आधी गाडी वाचा, मग बाजार गाठा

बहुतेक चुका घाईने होतात. कुणी दुकानदार म्हणतो, "फियाटची जाळी आहे, घेऊन जा." आपण घेतो. घरी आल्यावर ती बसत नाही, किंवा बसते पण गाडीच्या सालाशी जुळत नाही. कारण 'फियाटची जाळी' अशी एक वस्तूच नाही.

कुर्ल्यात फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभी केली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून तिने डॉज आणि प्लायमाउथ गाड्यांची जुळणी केली, पुढे इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५४मध्ये आली फियाट ११००. तिच्या गोलसर, पुढे आलेल्या तोंडामुळे महाराष्ट्राने तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. तिच्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही नावं आली. १९६०च्या दशकाच्या मध्यास चौकोनी घाटाची डिलाईट आली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थोडा काळ तिचं नाव प्रेसिडेंट होतं आणि १९७४पासून चित्तोडच्या राणीवरून पद्मिनी झालं.

यातली नेहमीची फसगत पाहा. लोकांच्या तोंडी ती गाडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. म्हणून हौसेने पद्मिनी उभी करणारे तिच्या समोर फियाटचं मोनोग्राम लावतात. पण पद्मिनीवर चिन्ह प्रीमियरचं असायचं. आरसी बुकात 'प्रीमियर पद्मिनी' लिहिलेलं आणि जाळीवर 'फियाट', ही विसंगती जाणकार पहिल्या नजरेत पकडतो.

अ‍ॅम्बेसेडरचीही हीच कथा. ती मुळात ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज-३ वर बेतलेली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही गाडी मे २०१४पर्यंत बनली आणि दुरून पाहता तिचा घाट जवळजवळ तोच राहिला. पण जवळून पाहा: १९६०च्या दशकातल्या मार्क-२ ला बारीक चौकटींची जाळी, १९७५च्या मार्क-३ ला समोर गोल इंडिकेटर, १९७९च्या मार्क-४ ला लहान जाळी आणि शेजारी वेगळे चौकोनी दिवे. मार्क-४ चा पुढचा भाग मार्क-२ वर बसवलेला आढळतो, कारण अपघातानंतर गॅरेजवाल्याने जे मिळालं ते लावलं. मालकाला ते ठाऊकही नसतं.

म्हणून पहिलं काम कागदाचं. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. उत्पादनाचं साल आणि नोंदणीचं साल वेगळं असू शकतं, साजासाठी उत्पादनाचं साल धरायचं. दुसरं, त्या मॉडेलचं सुट्या भागांचं कॅटलॉग मिळवा. त्यात प्रत्येक वस्तूचं चित्र आणि पार्ट नंबर असतो. दुकानदाराला "पट्टी द्या" म्हणण्याऐवजी पार्ट नंबर सांगितला की शोध निम्मा होतो.

तिसरं काम गाडीवरचं. रंग खरवडण्याआधी प्रत्येक दाराची, बॉनेटची, डिकीची आतली बाजू पाहा. बाहेरून पुटीने बुजवलेली भोकं आतून दिसतात. त्या भोकांची रांग म्हणजे हरवलेल्या पट्टीचा नकाशा. पातळ कागद धरून भोकांचा ठसा घ्या, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. रबराखाली, दाराच्या कडेला, डॅशबोर्डच्या मागे मूळ रंगाचा तुकडा बहुतेक वेळा शिल्लक असतो. सीटच्या तळाशी, नव्या कव्हरखाली जुनं रेक्झिन दडलेलं सापडतं. ते फेकण्याआधी शिवणीसकट फोटो काढा आणि हातभर तुकडा जपून ठेवा.

चौथा पुरावा घरातच असतो. लग्नाचा अल्बम काढा. वरातीच्या, गृहप्रवेशाच्या, सहलीच्या फोटोंत गाडी असतेच. जाळी, व्हील कॅप, आरशाची जागा, नंबर प्लेटची लिपी हे सगळं त्यात मिळतं. फोटो गाडी घेतल्यानंतर किती वर्षांनी काढला तेवढं मात्र विचारून घ्यावं, कारण मधल्या काळात काही बदललेलं असू शकतं.

धातू ओळखल्याशिवाय हात लावू नका

चकाकणारं सगळं क्रोम नसतं. साजात मुख्यतः चार धातू भेटतात: क्रोम चढवलेलं लोखंड, स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्रधातू. प्रत्येकाचा उपचार वेगळा.

खिशात छोटं चुंबक ठेवा. बंपरला ते घट्ट चिकटेल, तो लोखंडाचा. पट्टीला चिकटलं नाही आणि पट्टी हलकी, मऊ, सहज वाकणारी असेल तर अ‍ॅल्युमिनियम. कडक आणि स्प्रिंगसारखी परत सरळ होणारी असेल तर स्टेनलेस. इथे एक सावधगिरी हवी: स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात. न गंजलेली पण चुंबक धरणारी पट्टी दिसली तर ती क्रोमची समजून प्लेटिंगला देऊ नका, तिला फक्त पॉलिश लागतं. दाराचं हँडल, मोनोग्राम, दिव्याची चौकट हातात जड लागते, चुंबक धरत नाही आणि त्यावर पांढरी पावडर व बारीक फोड दिसतात, तर ते साच्यात ओतलेलं जस्त.

स्टेनलेसची पट्टी सर्वांत दिलदार. चेपली तरी लाकडी ठोकळ्यावर उलट्या बाजूने हलक्या हातोडीने ठोकत सरळ करता येते, मग बारीक पॉलिशपेपर आणि बफिंग. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर असतो. तो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात उतरतो, पण सोडा खालचं अ‍ॅल्युमिनियमही खातो, म्हणून नजर न हटवता काम करावं लागतं, हातमोजे आणि चष्मा घालून. जस्ताचा भाग त्या द्रावणात कधीच टाकू नये.

लोखंडी बंपरला चांगलं प्लेटिंग हवं असेल तर थरांचा क्रम विचारा. आधी तांबं, त्यावर निकेल, सर्वांत वर क्रोम. क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असतो. गंजापासून राखणारं आणि चमकेला खोली देणारं काम निकेल करतं. स्वस्तात काम करणारा तांबं गाळतो आणि निकेल पातळ ठेवतो. असा बंपर दुकानात झगझगतो आणि गोंदियाचा एक पावसाळा खाल्ला की डाग धरतो. प्लेटिंगचं द्रावण विषारी असतं, जुन्या पद्धतीचं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. हा उद्योग घरच्या अंगणात मुळीच करू नये.

कुठे शोधायचं

शोधाची सुरुवात जवळून करा. गोंदिया, भंडारा, नागपूर, बालाघाट, राजनांदगाव, दुर्ग या गावांत पन्नास-साठ वर्षांची सुट्या भागांची दुकानं आहेत. त्यांच्या माळ्यावर 'डेड स्टॉक' पडून असतो: कधीच न विकला गेलेला, कंपनीच्या कागदात गुंडाळलेला माल. दुकानदाराच्या नव्या पिढीला तो काय आहे हे माहीत नसतं. पार्ट नंबर आणि चित्र घेऊन जा, घाई न करता बसा, माळा उघडायची विनंती करा. डेड स्टॉकचा एक तुकडा दहा डुप्लिकेटांच्या तोडीचा.

त्यानंतर रेल्वेची दोन टोकं. फियाटसाठी मुंबई: चोरबाजार आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या मालाचा पट्टा. अ‍ॅम्बेसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार. कारखाना जिथे होता तिथे कारागीर, पुरवठादार आणि भंगारवाले तिन्ही वाढले, त्यामुळे तिथे माल आणि ज्ञान दोन्ही साठलं. याखेरीज दिल्लीचं काश्मिरी गेट आणि चेन्नईचं पुदुपेट ही मोठी ठिकाणं. लांबची वस्तू रेल्वे पार्सलने गोंदियाला येते, फक्त काच आणि जाळीसाठी लाकडी खोका करून घ्यावा.

मुंबईच्या टॅक्सींबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्या टप्प्याटप्प्याने भंगारात गेल्या. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निवृत्त झाली. त्या गाड्यांमधून दारं, काचा, दिवे भरपूर निघाले. पण टॅक्सीचा साज बहुधा अनेकदा बदललेला, डुप्लिकेट आणि उशिराच्या सालांचा असतो. १९६८च्या डिलाईटसाठी टॅक्सीची जाळी घेणं म्हणजे तीस वर्षांनी चुकणं.

परदेशातही शोध घेता येतो. डिलाईट ही इटलीत १९६२ ते १९६६ बनलेल्या फियाट ११०० डी ची भारतीय आवृत्ती, तर सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडरचे काही भाग मॉरिस ऑक्सफर्डशी जुळतात. पण इटलीत स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे डॅशबोर्ड आणि वायपरच्या वस्तू उपयोगी पडत नाहीत. बाहेरची पट्टी, जाळी, दिवा जुळू शकतो, तोही माप ताडल्यावरच.

घेताना काय तपासायचं

पहिली कसोटी मापाची. घरून आणलेला भोकांचा ठसा वस्तूच्या पिनांवर ठेवून पाहा. अस्सल वस्तू ठशावर बसते, डुप्लिकेटला भोकं वाढवावी लागतात.

दुसरी कसोटी आट्यांची. फियाट इटलीतून आली म्हणून तिचे नट-बोल्ट मेट्रिक. अ‍ॅम्बेसेडर ब्रिटिश वंशाची, तिचे बोल्ट इंचाच्या मापाचे. फियाटच्या म्हणून दाखवलेल्या हँडलला इंचाची आटी असेल तर ते फियाटचं नाही, किंवा कुणी तरी ते बिघडवलंय. हीच गोष्ट मीटरची. सुरुवातीच्या गाड्यांत मैलांचे स्पीडोमीटर भेटतात, कारण वजन-मापांच्या १९५६च्या कायद्यानंतर देश टप्प्याटप्प्याने किलोमीटरवर आला. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमधला मैलांचा मीटर चुकीचा समजून काढून टाकू नये, तोच अस्सल असण्याची शक्यता जास्त.

तिसरी कसोटी खुणांची. दिव्याच्या काचेवर, गाडीच्या काचेच्या कोपऱ्यात, रबराच्या आतल्या बाजूला उत्पादकाचं नाव उमटवलेलं असतं. गाडीच्या सगळ्या काचांवर एकच खूण असेल तर त्या बहुधा मूळच्या. चौथी, वजनाची: प्लास्टिकवर चकाकी चढवलेलं डुप्लिकेट मोनोग्राम हातात घेताच कळतं. आणि डावं-उजवं नक्की पाहा, क्लिपा आणि स्क्रू सोबत मागून घ्या. पट्टी मिळते, पण तिची क्लिप शोधायला पट्टीपेक्षा जास्त दिवस लागतात.

मिळालंच नाही तर

अशा वेळी आपला भाग नशीबवान आहे. शेजारचं भंडारा पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. पितळ ओतणारे आणि चकाकी देणारे हात इथे आहेत. जस्ताचं फुटलेलं मोनोग्राम पितळात ओतून त्यावर निकेल-क्रोम चढवता येतं, आणि पितळ जस्तासारखं फोडांनी खराब होत नाही.

यात एक तांत्रिक अडचण येते. वितळलेलं पितळ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. जुनं मोनोग्रामच साच्यासाठी वापरलं तर शंभर मिलिमीटरची वस्तू दीड-दोन मिलिमीटर आखूड येते आणि पिना भोकांत बसत नाहीत. म्हणून मूळ वस्तूचं माप घेऊन तेवढ्या टक्क्यांनी मोठा नमुना करावा लागतो. मग कानशीने काठ साफ करून हवं ते माप मिळतं.

अशी नवी वस्तू बनवली की तिच्या मागच्या बाजूला साल कोरा. पुढच्या मालकाला, अभ्यासकाला ती अस्सल म्हणून खपवली जाऊ नये. मूळचा फुटका तुकडाही फेकू नका, नाव लिहून डब्यात ठेवा.

अस्सलपणाला आता कायद्यातही जागा आहे

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही अट. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,००० आणि मुदत दहा वर्षं. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. अशी गाडी रोजच्या वा व्यापारी वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर येते. १९७४च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४मध्ये पन्नाशी गाठली, म्हणजे या दारात आता त्याही येऊ लागल्या आहेत.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२च्या सुमारास तयार केलेल्या ट्युरिन सनदेचा गाभाही हाच आहे: शक्य तिथे जपा, गरज असेल तेवढंच दुरुस्त करा आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा. माझंही ठाम मत हेच. थोडी डागाळलेली, पण गाडीसोबत कुर्ल्याहून आलेली जाळी ही आज बनवलेल्या लखलखीत, चुकीच्या जाळीपेक्षा शतपट मोलाची आहे. डाग पुढे कधीही काढता येतो. गेलेली जाळी परत येत नाही.

म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, मिलमध्ये, गोदामात जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल, तर ती दुरुस्त करायचा विचार आज नसला तरी एक काम आजच करा. तिच्यावरची आणि तिच्या आसपास पडलेली प्रत्येक पट्टी, रिंग, कॅप, मोनोग्राम एका पेटीत कोरडी ठेवा, पेटीवर गाडीचा नंबर लिहा, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी कबाडीला देऊ नका.